बाकीचं कुठाय?

"बाकीचं कुठाय?" डॉक्टर म्हणाले.

टेबलावर माझा नवरा होता. त्याच्या उजव्या भुवईखाली कापलेलं होतं, त्या कापात डॉक्टरांचा चिमटा होता आणि त्याचं डोकं माझ्या दोन तळहातांत होतं. शेजारच्या तबकात बांबूची एक कामटी पडली होती. करंगळीच्या दोन पेरांएवढी, पुवानं काळी पडलेली. डोळ्याच्या खोबणीतून ती नुकतीच बाहेर आली होती. मला वाटलं, झालं, सुटलो. डॉक्टरांनी कामटी पाण्यातून काढली, उजेडात धरली, उलटसुलट केली आणि चहात साखर कमी पडल्यावर विचारावं तसं विचारलं, "बाकीचं कुठाय?"

कामटीला टोक नव्हतं.

भूल देणाऱ्या सिस्टर मनगटावर बोटं ठेवून म्हणाल्या, "सर, नाडी बारीक लागतेय."

डॉक्टर मान वर न करता मला म्हणाले, "बाई, डोकं हलतंय."

डोकं हलत नव्हतं. माझे हात हलत होते.

"रडायचं असेल तर बाहेर जा. डोकं धरायला मी दुसरं कुणी बघतो."

दुसरं कुणी नव्हतं. हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी रडणं गिळलं. नाकाचं पाणी काही गिळता येईना, ते तोंडावर बांधलेल्या फडक्यात जिरलं. नवऱ्यासाठी यमाशी वाद घातलेल्या बायकांच्या कथा तुम्ही ऐकल्या असतील. मी नाक ओढत उभी होते.

हे डॉक्टर तुमच्यातल्या जुन्या माणसांनी पाहिलेले असणार. त्या काळी सांगलीत ज्याच्या डोळ्याला काही झालं तो शेवटी त्यांच्या दारात यायचा. माणूस ठेंगणा, पोट पुढं, आणि बोटं इतकी जाड की पहिल्या दिवशी मला वाटलं, हा गुरांचा डॉक्टर असेल, चुकून माणसांच्या दवाखान्यात बसलाय. मूळचे साताऱ्याचे. लढाईत पलटणीबरोबर ब्रह्मदेशाकडं गेले होते. तिथं त्यांच्याकडं एकच काम, फुटलेल्या गोळ्यांचे तुकडे सोजिरांच्या डोळ्यांच्या खोबणीतून काढायचे. पुढं हिवतापानं पार वाळले, म्हणून लढाई चालू असतानाच त्यांना परत धाडलं. सांगलीत येऊन वर्षाच्या आत पोट पुन्हा पुढं आलं. शेंगदाण्यांनी. खिशात कायम भाजलेले शेंगदाणे.

"बाकीचं कुठाय?" ही त्यांची सवय लढाईतलीच. एक तुकडा काढला की दुसरा आत आहे असं धरून चालायचं. ती सवय त्यांनी सगळ्याला लावली. मी भाकरीचा डबा उघडला की डोकावून म्हणायचे, "ही अर्धीच, बाकीची कुठाय?" एखादी बाई नवऱ्याबरोबर आली आणि म्हणाली, "काय न्हाई डाक्टर, जरा चुलीपाशी लाकूड लागलं," की ते तिच्या नवऱ्याकडं एकदा बघायचे, तिच्या सुजलेल्या गालाकडं एकदा बघायचे आणि म्हणायचे, "बरं. आता बाकीचं सांगा." बऱ्याच जणी सांगायच्या.

मी तिथं कशी गेले ते सांगते. माझं सासर कोरेगावाकडं. ऊस, गूळ, घरटी एक माणूस पलटणीत. नवरा लढाईवर गेला आणि मी आणि सासू एका चुलीपुढं उरलो. आमचं पटत नव्हतं. ती म्हणायची, मी उर्मट. मी म्हणायचे, ती उर्मट. आता विचार केला तर दोघींचंही बरोबर होतं. मी उठून माधवनगरला भावाकडं आले. भाऊ तिथल्या गिरणीत मागावर होता. त्याच्या ओळखीनं दवाखान्यात आया म्हणून लागले. शिक्षण चौथी पास. त्याचाही मला केवढा ताठा! आयांमध्ये सही करणारी मी एकटीच होते, ती सही मी लागेल तिथं आणि न लागेल तिथं करायचे.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी मला डोकं धरायला उभं केलं. डोळ्याच्या कामात डोकं धरणारं माणूस लागतं. हात दगडासारखे पाहिजेत आणि तोंड बंद पाहिजे. माझे हात चांगले होते. तोंडाचं काय सांगू. पण त्या दिवशी दोन्हीचा प्रश्नच आला नाही, कारण डॉक्टरांनी पापणी उलटी केली आणि मी सरळ खाली. शुद्धीवर आले तर रोगी टेबलावरून वाकून माझ्याकडं बघत होता. "बाईस्नी पानी द्या की," तो म्हणत होता. डॉक्टर त्याला म्हणाले, "तुम्ही पडा हो. तिचा नंबर तुमच्यानंतर."

दुसऱ्या आठवड्यात मी त्यांचा चष्मा उकळला. सिस्टर म्हणाल्या होत्या, तबकातलं सगळं उकळून घे. तबकात त्यांनी चष्मा काढून ठेवला होता. मी म्हटलं, सगळं म्हणजे सगळं. काचांना काही झालं नाही, पण चौकट केळीच्या सुकलेल्या पानासारखी वळली. मला वाटलं, आता घरी जायचं. डॉक्टरांनी चष्मा डोळ्यावर चढवला, एक काच भुवईवर आणि एक गालावर. आरशात बघितलं. म्हणाले, "जंतू मात्र मेले असतील." लढाईच्या दिवसांत नवी चौकट मिळेना. डोळ्यांचे एवढे मोठे डॉक्टर कितीतरी महिने वाकड्या चष्म्यानं हिंडत होते आणि नवीन रोगी त्यांना बघून दारातच थबकायचे.

डोळ्याच्या खोबणीचं त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं. दुपारच्या वेळी, शेंगदाणे खाता खाता. "बाई, खोबण म्हणजे हाडाची वाटी समजा. वाटीत डोळा म्हणजे लिंबू, आणि लिंबाच्या भोवती लोणी. काडी, खिळा, काहीही आलं तर लिंबू लोण्यात सरकतं आणि वाचतं. पुष्कळदा डोळा फुटत नाहीच. लोकांना वाटतं डोळा शाबूत, म्हणजे सगळं ठीक. पण ती वस्तू बाजूनं आत गेलेली असते. आणि वाटीच्या वरची बाजू पापडासारखी. पापडाच्या वर काय असतं?"

"काय?"

"अक्कल."

"माझ्या पापडावर काय असंल?" मी म्हटलं.

"तिथंही तेच असतं," डॉक्टर म्हणाले. "वापर कमी असतो."

त्यांचा एकच हुकूम होता. काही घुसलं असेल तर काढू नका. जसं आहे तसं आणा. उपसून काढलं की अर्धं बाहेर येतं आणि अर्धं आत राहतं, आणि रक्त बांध फुटल्यासारखं वाहतं. माधवनगरच्या गिरणीत हे सांगायला ते स्वतः गेले होते. मागावर सूत नेणारा धोटा उडाला की त्याचं लोखंडी टोक माणसाच्या तोंडावर यायचं. नंतर एकदा एक विणकर आला, डोळ्याच्या कडेला धोटा तसाच रुतलेला, आणि शेजारी त्याचा जोडीदार धोटा दोन्ही हातांनी धरून पावलाला पाऊल टाकत चाललेला. नवरा-नवरी उपरणं धरून चालतात तसे दोघं आत आले. डॉक्टर इतके खूश झाले की जोडीदाराला त्यांनी खिशातले सगळे शेंगदाणे देऊन टाकले. विणकराचा डोळा वाचला.

मग हा हुकूम मी हातात घेतला. माधवनगरच्या गल्लीत मी अर्धी डॉक्टरीणच झाले. पांढरं लुगडं नेसायचं, नळावर उभं राहायचं आणि बायकांना सांगायचं, "काढायचं न्हाई! हात लावायचा न्हाई! जसं हाय तसं आणायचं!" माझा आवाज मोठा. तो हुकूम पार बुधगावापर्यंत पोचला. एक दिवस एक धट्टाकट्टा शेतकरी दोन भावांच्या खांद्यावर बसून आला. काय झालं म्हणून विचारलं तर तळपायात बाभळीचा काटा. "काढला का नाही?" डॉक्टरांनी विचारलं. तो म्हणाला, "आवं, नळावरच्या बाईनं सांगितलंय, जसं हाय तसं आणा." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. काटा काढला, कागदात बांधून त्याच्या हातावर ठेवला आणि मला म्हणाले, "बाई, पायाला वाटी नसते."

सगळ्या मुलखाला मी हे शिकवलं. कोरेगावाला तेवढं शिकवायचं राहिलं. सासूशी बोलणंच नव्हतं.

लढाई संपली. नवरा परत आला, अंगावर ओरखडा नाही. माधवनगरला दोन दिवस राहिला आणि म्हणाला, "गुऱ्हाळ उरकून येतो, मग कुठं राह्यचं ते बघू." मी म्हटलं, बघू. तो कोरेगावाला गेला. जर्मन आणि जपानी या दोघांना जे जमलं नाही ते आमच्या गुऱ्हाळात झालं. चिपाडावरून पाय घसरला आणि तो तोंडावर पडला. तिथं गुरं आत येऊ नयेत म्हणून एक बांबू रोवलेला होता. बांबूचा शेंडा पापणीतून आत गेला आणि मोडला.

धाकट्या दिरानं मोडका तुकडा धरला आणि उपसला. सासूनं तो त्याच्या हातातून घेतला आणि गुळाच्या चुलवणात टाकला. आमच्याकडं रीत आहे. रक्त प्यालेलं लाकूड घरात ठेवायचं नाही, ते पुन्हा रक्त मागतं. तुकडा जाळून तिनं डोळ्यावर हळद दाबली. चार दिवसांत जखम मिटली. डोळा उघडा, दिसतंय सगळं. सगळे म्हणाले, देवानं राखलं.

मला कुणी कळवलंही नाही.

पुढं पंधरवड्यानं मी दवाखान्याच्या ओट्यावर भांडी घासत होते आणि फाटकातून सासू आली. तिच्यामागं दीर, आणि दिराच्या खांद्यावर हात टाकून माझा नवरा. उजवा डोळा पुढं आलेला, बेडकासारखा, पापणी जांभळी, अंगात एवढा ताप की जवळ गेल्यावर झळ लागावी. सासू मला म्हणाली, "तुझ्या डाक्टरला बोलीव." एवढ्या महिन्यांत हे तिचं माझ्याशी पहिलं बोलणं. मी काहीतरी लागट बोलणार होते. तोंडही उघडलं होतं. पण नवरा म्हणाला, "लय दुखतंय गं." मग मी पळाले.

डॉक्टरांनी बघितलं. बोटं दाखवून मोजायला सांगितलं. नवऱ्यानं अंधूक का होईना, बरोबर सांगितलं. म्हणजे डोळा जिवंत होता. मग डॉक्टर सासूकडं वळले. "आई, जे काढलं ते कुठाय?"

"जाळलं."

मला वाटलं, आता हे तिला फाडून खाणार. सांगायला लाज नाही, मी जरा पुढं सरकून उभी राहिले, नीट बघायला मिळावं म्हणून. डॉक्टरांनी फक्त विचारलं, "का?"

"रगत प्यालेलं लाकूड घरात ठिवत न्हाईत."

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येकाची रीत असते. पुढच्या वेळी आधी मला दाखवा, मग जाळा. केवढं होतं?"

सासूनं मधलं बोट दाखवलं. दिरानं करंगळी दाखवली. सासू म्हणाली, "गप रं, तुला काय दिसतंय." दीर म्हणाला, "आई, मीच उपसलं न्हवं?" दोघांचं तिथंच जुंपलं. डॉक्टर ऐकत राहिले, मग म्हणाले, "लढाईत बरं होतं. लोखंड एक्स-रेच्या फोटोत दिसायचं. लाकूड फोटोत दिसत नाही." आणि दिराला म्हणाले, "तो बांबू अजून तिथं आहे? रोवलेला? जा, घेऊन ये. आजच्या गाडीनं जा आणि मिळेल त्या गाडीनं परत ये."

दिराला सांगायला पाहिजे होतं, वरचा तुटका भाग तेवढा कापून आण. कुणी सांगितलं नाही. तोही हुकमाचा माणूस. त्यानं अख्खा बांबू उपटला, खाली मातीचा गोळा तसाच, आणि आगगाडीत घातला. खिडकीतून एक टोक बाहेर. तिकीट बघणारा म्हणाला, "हे काय रं, मांडवाला नेतोस व्हय?"

"न्हाई," दीर म्हणाला. "डोळ्याला."



तो बांबू दवाखान्याच्या दारातून आत येईना. डॉक्टर बाहेर अंगणात आले, वाकडा चष्मा सारखा केला आणि बांबूच्या तुटक्या शेंड्याशी उकिडवे बसले. बोट फिरवलं. मला आणि सिस्टरना बोलावून दाखवलं. शेंड्याला शेजारी शेजारी दोन खाचा होत्या. एक रुंद, एक अरुंद आणि लांब.

"इथून दोन कामट्या निघाल्यात," ते म्हणाले. "यांनी एक जाळली. दुसरी त्याच्या डोळ्यामागं आहे. तिच्याभोवती पू झालाय, तो पुढं ढकलतोय. पू वर गेला तर..." पुढं त्यांनी नुसतं बोट वर केलं. मला पापड आठवला.

"उघडायला पाहिजे," ते म्हणाले. "नाही उघडलं तर जाईल. उघडलं तरी जाऊ शकतो. डोळा राहील का, सांगत नाही. तुम्ही बायको, तुम्ही आई. बोला."

सासू म्हणाली, "कापाय नगं. तापावर कुनी कापतं व्हय?"

मी म्हटलं, "उघडा."

हे मी धीरानं म्हटलं असं माझा भाऊ पुढं आयुष्यभर सांगायचा. धीर कसला? सासू नको म्हणाली म्हणून मी हो म्हटलं. ती हो म्हणाली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

मलमपट्टी करणारा ड्रेसर गावी गेला होता. डॉक्टर मला म्हणाले, "बाई, बाहेर बसलात तर ओरडाल. आत निदान हातांना काम राहील." असं मी माझ्याच नवऱ्याचं डोकं धरलं. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर त्याचं तोंड पहिल्यांदा बघितलं होतं, त्यानंतर इतक्या जवळून आणि इतका वेळ बघायची वेळ तीच. दाढी वाढलेली, ओठ सुकलेले. भुलेचा गोडसर वास. डॉक्टरांनी भुवईखाली चीर दिली. पू आला, पुष्कळ आला. मग चिमट्याला कामटी लागली. ती निघाली आणि तिला टोक नव्हतं. तिथून तुम्हाला ठाऊक आहे.

डॉक्टरांनी सिस्टरना सांगून बांबूचा शेंडा कापून आत मागवला होता. कामटी त्यांनी लांब खाचेत ठेवली. खाच भरली नाही. पुढं तांदळाच्या दोन दाण्यांएवढी जागा मोकळी राहिली.

सिस्टर पुन्हा म्हणाल्या, "सर, नाडी. आता शिवून घ्यावं."

"शिवलं तर आठ दिवसांनी पुन्हा हाच पू."

"आठ दिवस तर मिळतील."

सिस्टरांचं खोटं नव्हतं. डॉक्टर थांबले. चिमट्यानं आणखी आत चाचपलं असतं तर टोक पापडातून वर जाण्याची भीती. काढलं नाही तर सडण्याची. कुठल्याही बाजूनं गेलं तरी माझ्या हातातलंच डोकं.

"भूल कमी करा," ते शेवटी म्हणाले. "आणि माझा चष्मा काढा."

सिस्टरनी चष्मा काढला. डॉक्टरांनी चिमटा ठेवून दिला, हात पुन्हा धुतला आणि करंगळी त्या कापात घातली. स्वतःचे डोळे मिटले. माणूस अंधारात पेटीत हात घालून काही शोधतो तसं तोंड केलं त्यांनी. भूल कमी केल्यामुळं नवरा कण्हला आणि डोकं वळवायला लागला. मी धरलं. पिकल्या कलिंगडासारखं घट्ट धरलं आणि त्याच्या कानात बोलायला लागले. काय बोलले? गोड काही नाही. "हलशील तर बघ. हललास तर मी परत कोरेगावाला यायची न्हाई. तुझ्या आईची भाकरी तूच भाजत बस." जे तोंडात येईल ते. डॉक्टर डोळे मिटूनच म्हणाले, "बाई, बोलत राहा. तो ऐकतोय."

तोंड बंद ठेवा, असं ज्यांनी मला इतके दिवस सांगितलं त्यांनीच बोला म्हटलं. मग काय. मी दिराला घेतलं, सासूला घेतलं, गुऱ्हाळाला घेतलं, बांबू रोवणाऱ्या माणसाच्या सात पिढ्यांना घेतलं. नवरा दगडासारखा पडून राहिला. भीतीनं म्हणा.

"हां," डॉक्टर म्हणाले.

बोट तसंच आत ठेवून त्यांनी दुसऱ्या हातानं बारीक चिमटा मागितला, बोटाच्या कडेनं आत सरकवला आणि बाहेर काढला. तबकात टोक पडलं. आवाजसुद्धा झाला नाही. त्यांनी ते खाचेत ठेवलं. खाच भरली.

त्यांनी जखम पूर्ण शिवली नाही. पू वाहायला रबराची पट्टी आत ठेवली आणि दोनच टाके घातले. मग स्टुलावर बसले, खिसा चाचपला आणि शेंगदाणे नाहीत असं बघून मला म्हणाले, "बाई, तुमच्या तोंडात बरंच वाङ्मय आहे." मी म्हटलं, "सासरचं हाय." आणि मग, सगळं झाल्यावर, मी पडले. या वेळी बसून पडले, एवढाच काय तो अनुभव.

ताप उतरायला आठवडा गेला. तो आठवडा मी आणि सासू एकाच ओट्यावर झोपलो. बोललो नाही. ती माझ्या अंगावर घोंगडं टाकायची आणि मी झोपल्याचं सोंग करायचे. ताप उतरल्यावर ती डॉक्टरांपुढं जाऊन उभी राहिली. "डाक्टर, ती लाकडं द्या."

"कशाला, आई?"

"जाळाय."

डॉक्टरांनी टोक आणि कामटी कागदातून काढून तिच्या हातावर ठेवली, तिला मागच्या अंगणात घेऊन गेले आणि हत्यारं उकळायच्या चुलीपुढं उभं केलं. ती जाळेपर्यंत हा एवढा मोठा डॉक्टर तिथं हात मागं बांधून उभा होता. नंतर त्यांनी उरलेला अख्खा बांबूही फोडून त्याच चुलीत घालायला लावला. म्हणाले, "राहिलेलं काही नको."

नवऱ्याचा डोळा मागं बसला. पापणी अर्धी पडलेली राहिली आणि वर बघितलं की त्याला एकाचे दोन दिसायचे. डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?" तो म्हणाला, "साहेब, एक बायको सोसत न्हवती, आता दोन दिसत्यात. आनि दोघी बोलत्यात." डॉक्टर म्हणाले, "मान जरा खाली ठेवा, मग एकच दिसेल." नवऱ्यानं हा सल्ला जन्मभर पाळला. लोक म्हणायचे, किती नम्र माणूस.

मी कोरेगावाला परत गेले. सासूशी पटलं का? नाही. पण भांडण कामापुरतं उरलं. सुरुवातीला दवाखान्याची आठवण फार यायची, खरं सांगायचं तर पांढऱ्या लुगड्याचीच. गावात कुणाला काही घुसलं की लोक माझ्याकडं यायचे आणि मी त्यांना सांगलीला धाडायचे, वस्तू जाग्यावर ठेवून. एकदा डॉक्टरांनी त्या लोकांबरोबर निरोप धाडला, नळावरच्या बाईला सांगा, काम चालू ठेवा, पण पायातले काटे तिथंच काढा.

पुढं ते साताऱ्याला आपल्या घरी गेले. त्या बाजूला मी बरेचदा जायचे, त्यांचं घर कुठल्या आळीत आहे ते ठाऊक होतं, पण कधी गेले नाही. जाऊन काय बोलायचं? बायका सरळ मनानं पाया पडतात, मला ते जमत नाही. मग एका सकाळी ते गेले. चहा पिता पिता गेले म्हणे. कळलं तेव्हा महिना होऊन गेला होता. सिस्टर त्यांच्या आधीच गेल्या होत्या.

सासू म्हातारी होऊन गेली. दीरही गेला. नवरा जगला. दोन्ही डोळ्यांनी बघत, नातवंडं खांद्यावर घेत, तो डॉक्टरांच्याही नंतर पुष्कळ वर्षं जगला.